अंधार पडलाय, नाही का?

देवळाली कॅम्पात, लॅम रोडवरून आत वळलं
की डाव्या हाताला पिवळं फाटक होतं.
पाटीवर तीन लिप्या, मला एकच वाचता येई:
रूबेनजी तळकर यांजकडून
पत्नी सिम्हाबाईंच्या स्मरणार्थ. खाटा बत्तीस.
मी लागले तेव्हा माणसं एकोणीस होती.
उरलेल्या तेरा खाटांवर आम्ही पापड वाळत घालायचो.

मेट्रनबाईंनी एकच विचारलं,
"शनिवारची सुट्टी मागणार नाहीस ना, पगारे?"
नाही म्हटलं.
"मग ये सोमवारपासून."

शुक्रवारी दिवस कलला की
मिल्काबाई तेलाचा दिवा लावून तोंडावर हात धरायच्या,
भिजवलेल्या मनुकांचं सरबत पेल्यापेल्यानं फिरायचं,
आणि मग सगळ्यांचे हात थांबायचे.
काडी ओढायची नाही, बटण दाबायचं नाही.
मला दाब म्हणून सांगायचंही नाही.
ही नोकरी मी कानांनी शिकले.

हायमअप्पा झिराडकर चष्मा पुसत भिंतीला म्हणत,
"अंधार पडलाय, नाही का?"
मी उठायचे.
मिल्काबाईंचं आणखी आडून:
"आमच्या पेणला या वेळी पंखे काय सुंदर फिरायचे!"
मी पंखा लावायचे.
त्या म्हणायच्या, "अगंबाई, वारा सुटला."

दुपारी अप्पांचं गलबत फुटायचं.
दोन हजार वर्षांपूर्वी, नवगावच्या किनाऱ्याला,
सात बाया नि सात पुरुष वाचले,
आणि अप्पा असं सांगत की वाटे
आठवे तेच, अजून लुगडी पिळताहेत.
मग तेलाचे घाणे. शनवारी बैल मोकळे,
म्हणून गाव म्हणे शनवार तेली.
"बैलालासुद्धा शब्बाथ होता, बाई.
गुडघ्याला नाही."

तिकडे तोफखान्याचा सराव सुरू झाला
की तावदानं थरथरायची.
ब्रह्मदेशात एक कान ठेवून आलेले एलोजी
उरलेल्या कानानं तोफा मोजायचे
आणि चुकले की पहिल्यापासून.

लोदहून, दिमोनाहून निळी पत्रं यायची.
आधी चार पानं मराठी.
मग एक.
मग "आजी, तू कशी आहे."
मग नुसता एक उंट काढलेला, तीन पायांचा.
शेवटी फोनवर पणतू दिसायचा,
तो तिकडून त्याच्या भाषेत, ह्या इकडून आपल्या,
आणि मधे फोन धरून मी,
दोघांनाही हो हो म्हणत.

माझी पोर बाळंतपणात अडली होती
तेव्हा त्यांनी एलियाहू हन्नाबीचा मलिदा बोलला.
पोहे, गूळ, खोबरं, वर गुलाबाची पाकळी.
नात झाली. ताट माझ्याच घरी पाठवलं.

एलोजी गेले त्या दिवशी
प्रार्थनेला दहा पुरुष हवे होते, नऊच भरले.
दाराशी आमचा वॉचमन उभा होता, टोपी काढून.
सगळ्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं,
मग जमिनीकडे.
नाशिकरोडहून रिक्षानं कुणी यायचं होतं.
पाऊण तास पुस्तकात बोट घालून बसले सगळे.
दहावा आला तो शाळकरी, तेरा नुकती पूर्ण झालेली,
धापा टाकत. त्याला पुढे उभं केलं.

नंतर सात खाटा. चार.
मग मिल्काबाई आणि मी.
त्या शनिवारी त्या व्हरांड्यात तीन चांदण्या शोधत होत्या,
तीन दिसल्या की दिवस सुटतो.
"दोन दिसताहेत गं."
मी तिसरी दाखवली, आंब्याच्या शेंड्यावर.
"ते विमान आहे," त्या म्हणाल्या.
आणि मग काही म्हणाल्या नाहीत.

गाडी ठाण्याहून सकाळी आली.
दाराच्या चौकटीवरची ती छोटी तिरपी नळी
ट्रस्टवाल्यांनी पेचकसानं काढली.
तिथं रंग जरा ताजा होता, बोटाएवढा.

आता मी सिन्नर फाट्याला लेकाकडे असते.
सूनबाई कामावरून येते, मोबाइल बघत बसते,
खोलीत काळोख साठत जातो.
मला उठता येतं. बटण हाताशी आहे.
तरी मी भिंतीला म्हणते,
"अंधार पडलाय, नाही का?"
ती मान वर न करता म्हणते,
"मग लावा ना, आई."