एलिंगिने

ओस्लोच्या कचेरीतला माणूस फोनवर म्हणाला,
चारांहून कमी असतील तर आकडा देत नाही आम्ही.
म्हणजे मी,
आणि फार तर आणखी दोघी.

जुन्या वहीत मात्र गर्दी आहे.
चर्चची वही, आमचं बेट, एकाच वसंतात पाच बारशी:
हाल्वोरिने, योर्गिने, निल्सिने, सेवेरिने,
सगळ्यांत शेवटी एलिंगिने.
पाद्र्याचं अक्षर फेब्रुवारीनंतर जरा तिरकं झालेलं.

फेब्रुवारीत कॉडच्या मागे गेलेली नाव
परत आली नाही.
हाल्वोर, योर्गेन, निल्स, सेवेरिन,
सुकाणूवर एलिंग.
घरी पाच बायका पोटुशा.
मुलगे झाले असते तर सरळ बापाचंच नाव.
मुली झाल्या,
म्हणून शेवटाला ‘इने’ लावलं,
आखूड झग्याला पट्टी जोडावी तसं.

नाव गेली. नाव राहिलं.

त्यातली शेवटची माझी आजी.
तिचं नाव मला ठेवलं,
आणि शाळेत सगळ्यांनी त्याला नावं ठेवली.
एक अख्खं वर्ष मी नुसती एला होते.

परवा नातीने विचारलं,
पोट सांभाळत, बटाटे सोलत:
मुलगी झाली तर तुझं नाव ठेवू?

मी तिच्या नवऱ्याकडे पाहिलं.
टोरफिन दारात उभा, मोजे ओले,
हातात दोन मासे,
कॉफी आहे का विचारत होता.

नको गं, म्हटलं.
बाप घरी आलाय.