मामीचं गरम पाणी

बुटीबोरीत डिसेंबरच्या रात्रपाळीला
सगळ्यात ऊबदार जागा
दुसऱ्या कॉलमच्या कंडेन्सरखालचा ओटा.
तिथे भुरी झोपायची.
कुणाची नाही. हजेरीपटावर नाही.
पण दहाच्या भोंग्याला हजर.

निळे ड्रम यायचे औषधकंपनीतून.
आत वापरून झालेलं टेट्राहायड्रोफ्युरान, पाणी,
आणि फॉर्मवर ज्याला नुसतं ‘इतर’ म्हणतात ते.
आधी सगळंच भट्टीत जायचं.
आता आम्ही गाळतो.

शालिकराम चिचघरे, ऑपरेटर, एकतीस वर्षं,
मला पहिल्याच आठवड्यात म्हणाले,
“मॅडम, चौसष्ट अंशाले दोघंबी संगंच उठते.
संगंच वर जाते, संगंच खाली येते.
पंच्याण्णव भाग आपले, पाच पाण्याचे.
मंग कितीबी वाफ मारा.”
पुस्तकात याला स्थिरक्वाथी मिश्रण म्हणतात.
ते म्हणाले, “अडेल.”

मी रिफ्लक्स वाढवला:
वर आलेलं परत खाली, परत वर,
नापास पोराला त्याच बाकावर बसवावं तसं.
उमरेडच्या कोळशाचा एक ट्रक जास्त आला.
काटा पंच्याण्णवावर.
दूध न् पाणी वेगळं करणारा हंस
आमच्या शाळेच्या भिंतीवर होता, एका डोळ्याचा रंग उडालेला.
त्याला आणून टाकीवर बसवला असता
तर शेवटच्या पाचापाशी तोही चोच मिटून बसला असता.

दाब बदलला की अडण्याची जागा सरकते,
हे मला परीक्षेपुरतं येत होतं.
शेडमागे गंजलेला दुसरा कॉलम उभा केला,
सातपट दाबाचा.
तिथे ते अठ्ठ्याऐंशीला अडतं.
म्हणजे पंच्याण्णवाने आत शिरलेलं
अडथळ्याच्या पलीकडेच उतरतं,
आणि तळातून निघतं कोरडं ठणठणीत.
वर उरलेलं अठ्ठ्याऐंशीचं परत पहिल्याकडे.
बाटली दिव्यासमोर धरून शालिकराम बराच वेळ बोलले नाहीत.
वास त्यांना येत नाही, दहा वर्षं झाली.

मग वाफेचं बिल आलं.
टावरीसाहेबांनी ते टेबलावर उलटं ठेवलं.
“याच्यापेक्षा जाळलेलं स्वस्त.”

त्या रात्री चहाला शालिकरामांनी मामांचं काढलं.
भिवापूरकडे मोह गाळायचे. मडक्यावर मडकं,
सगळ्यात वर गार पाण्याचं भांडं.
“पहिल्या धारेची. काडी लावली का पेटे.
वरचं पाणी तापलं का बदला, तापलं का बदला.
रातभर तेच काम.”
मी सहज विचारलं, तापलेल्या पाण्याचं काय करायचे?
“काय म्हणजे? मामी त्याच्यात पोरं धुवे.”

मी चहा ठेवला.
वर पाहिलं.
एकशे छत्तीस अंशांची वाफ
आम्ही रोज कूलिंग टॉवरला देत होतो,
नवतप्यातसुद्धा,
नागपूरच्या आभाळाला जणू ऊन कमी पडत होतं.
आणि इथे वीस फुटांवर पहिला कॉलम
शंभर अंशांसाठी बॉयलरकडे हात पसरून उभा.

दोन महिने गेले पाइप वळवण्यात.
एकदा गॅस्केट फाटलं, एकदा माझंच गणित.
आता दुसऱ्याची वाफ विझता विझता
पहिल्याचा तळ उकळवते.
बॉयलर पेटतो तो एकट्या दुसऱ्यासाठी.
पाण्याचा अंश शून्य पूर्णांक शून्य तीन.
पाच ट्रकांचे तीन झाले.
टावरीसाहेबांनी पेढे वाटले, मोजून.

पाइपांवर काचलोकर, त्यावर चकचकीत पत्रा.
हात ठेवा, गार लागतो.
एक अंशही बाहेर सांडत नाही.

काल भुरी आली. ओटा हुंगला.
दोनदा गोल फिरली, बसली, उठली.
कंडेन्सरकडे पाहून एकदाच भुंकली.

हिशोबाच्या कुठल्याच ओळीत
मला ती दाखवता आली नव्हती.

शालिकरामांनी लॉकरमधून पोतं आणलं,
चार घड्या घातल्या.
“चाल, बस,” म्हणाले,
“आता आपलंच अंग तापव.”