रकाना चौदा

फॉर्मच्या दुसऱ्या पानावर चौदावा रकाना:
व्यवसाय निवडण्याचे कारण.
जागा दोन ओळींची.
देवगडच्या आयटीआयच्या पायरीवर बसून
मी लिहिलं, "आवड."
उरलेली दीड ओळ कोरी.

क्लार्कने चष्म्यावरून पाहिलं.
"प्रचिती कोयंडे. मेकॅनिक डिझेल? नक्की?
कोपा आहे. शिवणकाम आहे. पार्लरच्या कोर्सला तर जागा शिल्लक."
"नक्की."
पार्सलवर 'सांभाळून' असं मारतात
तसा त्याने शिक्का मारला.

मुणगेकर बाई आधीच रुसलेल्या.
एकाहत्तर टक्के गो, सायन्सला जा, म्हणाल्या,
हुशार मुलं कधी पाना धरतात?
विराजदादा बी.एस्सी. झाला
आणि कणकवलीत मोबाईलची कव्हरं विकतो,
हे मी त्यांना सांगितलं नाही.
ते कारण नव्हतंच.
कारणाच्या शेजारी बसलेलं काहीतरी होतं.
शिवाय, खरं सांगायचं तर,
ज्युनियर कॉलेजची एसटी पाच चाळीसला सुटते
आणि माझ्याने उठवत नाही.

पण ती नोव्हेंबरातली रात्र.
'गजबाकृपा' खाडीच्या तोंडाशी बंद पडली,
दुसऱ्यांनी ओढून जेटीला लावली.
इंजिन खोकायचं, थुंकायचं, गप्प व्हायचं.
सहा दिवस.
मिस्त्री जैतापूरला कुणाच्या बोटीत अडकलेले
आणि बाहेर बांगडा असा लागलेला
की शेजारच्यांच्या टोपल्या जेटीवर मावत नव्हत्या.
बाबा त्या बाजूला फिरकायचे नाहीत.
आईने बर्फवाल्याला दोनदा परत पाठवला,
तिसऱ्यांदा तो आलाच नाही.
खलाशी दोघे दुसऱ्या बोटीवर गेले, लाजत,
जाताना आमच्याकडचा चहा पिऊन.

सातव्या दिवशी लतीफचाचा आले.
मी बॅटरी धरली.
त्यांनी फिल्टरवरचा एक नट सैल केला
आणि अंगठ्याने हातपंप दाबत राहिले.
आधी फेस, ताकावर येतो तसा,
मग बुडबुडे,
मग एखादाच बुडबुडा,
मग नुसतं स्वच्छ डिझेल.
"हवा होती," म्हणाले.
नट आवळला. इंजिन लागलं.
मी घड्याळ बघितलं होतं. दहा मिनिटं.
बाबांनी अडीच हजार मोजून दिले,
वर लोणच्याची बरणी.
मला चाचांचा राग आला नाही.
सहा दिवसांचा आला.

हे दीड ओळीत बसतं का?

पहिले तीन आठवडे नुसती कानस.
लोखंडाचा तुकडा, चारी बाजू काटकोनात.
गुरव सर गुण्या लावून खिडकीकडे धरायचे,
फटीतून उजेड दिसला की, "परत."
वीस मुलांत मी एकटी.
पहिल्या आठवड्यात कोणी बोललं नाही,
दुसऱ्यात सगळे बोलायला लागले, ते जास्त त्रासाचं.
बाथरूमची किल्ली अजून ऑफिसात मागावी लागते.
तळव्याला फोड. आई खोबरेल लावते,
काही म्हणत नाही, नखं बघते.
म्हणते ती मावशी: "लग्नात कशी दिसतली गो ही नखां?"

आवडतं का?
काही दिवशी अजिबात नाही.
त्या पायरीवर लिहिलं तेव्हा आवड नव्हतीच,
फिलर गेजची पाती एकेक सरकवताना
कधीतरी ती येऊन बसली, न सांगता.

परवा पहाटे 'गजबाकृपा' पुन्हा खोकली.
बाबांनी सवयीने चाचांना फोन लावला,
मग माझ्या हातात दिला:
"तुका पार्टांची नावां म्हायत आसत, तूच सांग."
"चाचा, लाइनीत हवा आहे बहुतेक."
"निघतो," ते म्हणाले, "दुपारपर्यंत येतो."
बाबा बॅटरी शोधून आले,
आत सेल उलटे घातलेले.
"येऊ नका," मी म्हणाले,
"फक्त फोन ठेवू नका."