शिवणीतली माया

डॉक्टरांनी कागदावर पोट काढलं,
वाटाण्याच्या शेंगेसारखं वाकडं,
आणि त्यावरून पेनाने एक रेघ ओढली.
मी तीस वर्षं कापड बेततेय. रेघ मला कळते.

पट्टा नको म्हणाले. नाडीसारखा आवळतात, पण सरकतो.
नाडी सरकते, हे मला कुणी सांगायला नको.
मग स्लीव्ह. म्हणजे बाही.
बहुतेक पोट कापून काढायचं, उरते ती अरुंद बाही,
आणि कापलेलं पुन्हा जोडता येत नाही.
नाहीतर बायपास: वर अंड्याएवढा खिसा,
आतडं थेट त्या खिशाला,
बाकीचं पोट आतच राहतं, निवृत्त.
साखर जपून. गोळ्या जन्मभर.
"छातीत जळजळ होते?"
होते. तीन उशा लावून बसल्या बसल्या झोपते.
"मग बाहीने ती वाढू शकते."
मी विचारलं, दोरा कुठला वापरता?
ते हसले. टायटॅनियमच्या टाचण्या, म्हणाले.

वूच शहरातल्या गिरण्यांची आता दुकानं झालीत,
पण माझं मशीन अजून चालतं.
त्या रात्री एकाच कॉलरला मी चारदा उसवलं.

मंगळवारी इस्पितळाच्या तळघरात सगळे जमतात.
तिथल्या खुर्च्यांना हात नाहीत.
कुणीतरी विचार करून मागवल्या असणार.
ट्राम चालवणारा इरेनेउश म्हणाला, माझा बायपास,
डेपोत कुणाच्या तरी केकचे दोन घास खाल्ले
आणि तिसऱ्या थांब्यावर घाम, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी.
अख्खी ट्राम माझ्यासाठी थांबली, बोगुमिवाबाई!
व्हिएस्वावाची बाही. ती म्हणाली,
तिसऱ्या महिन्यात केस जातील, न्हाणीच्या जाळीवर
मांजर येऊन बसलंय असं वाटेल. घाबरायचं नाही. परत येतात.
दाराजवळ यागना, अंगात कोट तसाच.
चाळीस किलो गेले होते. बावीस परत आले.
तिला कुणी काही विचारलं नाही.

मी बायपास निवडला. जळजळीमुळे,
आणि खिसा शिवता येतो म्हणूनही.

घरी आल्यावर तिसऱ्या रात्री
शेजारी कांदा परतत होते. मी भिंतीला कान लावून बसले
आणि चमचाभर सूपसमोर रडले.
साडेअकराला फोन. शेवटची ट्राम डेपोत लावून इरेनेउश.
"आज किती घोट?"
"सहा."
"सातवा आता घ्या, मी फोनवर आहे."
पलीकडे त्याच्या डब्याचं झाकण वाजलं. तोही जेवत होता,
सावकाश, एकेक घास.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी बहिणीकडे बारा पदार्थ.
मी बारा वेळा चमच्याचं टोक बुडवलं.
आमच्याकडे एक ताट रिकामं मांडतात,
अचानक कुणी आलंच तर.
त्या रात्री मी दोनदा दाराकडे पाहिलं.
वाटलं, माझीच जुनी देहयष्टी
बर्फ झटकत आत येईल आणि म्हणेल, सरक जरा.
आली असती तर वाढलं असतं.

आता सगळे माझ्याकडेच कपडे आणतात, आत घ्यायला.
फेब्रुवारीत यागना आली. निळा स्कर्ट, घडी छातीशी धरून.
हळूच म्हणाली, सैल करायचाय.
बाजू उसवून पाहिलं: आत काहीच नव्हतं.
कुण्या दुकानदाराने कडेपर्यंत कापलेला,
माया अशी सोडलेलीच नव्हती.
मी दोन्ही बाजूंना निळ्याच्या जवळचा निळा तुकडा लावला.
नीट पाहिलं तर कळतो.

तेव्हापासून कुणाचंही आत घेताना
मी शिवणीत दोन बोटं माया ठेवते. माझ्यासुद्धा.
परवा इरेनेउश गणवेशाची पँट उलटी करून म्हणाला,
"हे कापड उरलंय, कापून टाका की."
उरलं नाही, मी म्हणाले. ठेवलंय.