टर्बो थंड होईपर्यंत

तपासनीस रंतालाने दाराखालच्या पत्र्यात
स्क्रू ड्रायव्हर सहज टेकवला,
तर तो मुठीपर्यंत आत गेला.
"इर्मेली, आता पुरे," एवढंच म्हणाला
आणि कागदावर न बघता सही केली.

पस्तीस हिवाळे रस्त्यावर टाकलेलं मीठ.
खाल्ल्या मिठाला जागली माझी साब,
मीठ मात्र तिला खाऊन गेलं.

काळी, एकोणनव्वदची. ऊसिकाउपुन्कीची,
म्हणजे आमच्याच गावच्या कारखान्यातली.
तो कारखाना आता दुसऱ्यांच्या गाड्या जोडतो,
आणि तिचं नाव लावणारं कुणी उरलं नाही.
म्हणजे तिच्याजागी तिचीच धाकटी बहीण आणावी
ही सोयसुद्धा नाही.

रात्री अडीचला फोन यायचा राउमाच्या इस्पितळातून:
पाय आधी आलेत, डॉक्टर तुर्कूहून निघालेत, तू ये.
नाइटगाउनवर कोट, पायात नवऱ्याचे बूट,
आणि पन्नास किलोमीटर बर्फ.
पेडल दाबलं की ती लगेच धावायची नाही.
आधी एक श्वास घ्यायची.
एक, दोन...
मग पाठीत धक्का.
बाळ बाहेर आल्यावर
पहिल्या रडण्याआधी असते ना, तेवढीच ती शांतता.
मी दोन्हीकडे सारखीच मोजत असे.

ओत्सो म्हणतो, "आई, अडुसष्टाव्या वर्षी
अडीचशे अश्वशक्ती? आता कुठली बाई अडलीय?"
मुलगा हिशेबात हुशार आहे.
त्याला मी कॉफी दिली, उत्तर दिलं नाही.

पहिली पाहिली ती विजेवरची.
वेग असा, की मान मागे राहिली आणि मी पुढे.
पण पायरव नाही. मांजरासारखी
नव्हे, मांजर निदान उडीआधी दबा धरतं.
विक्रेता, हिल्लेवी नावाची गोड पोरगी,
म्हणाली, "हिला वाट बघावीच लागत नाही."
मी म्हटलं, तेच तर.

दुसरी जर्मन. उंची सूट घातलेली.
गुरगुरली फार छान, मग कळलं
गुरगुर स्पीकरमधून येते.
बटण दाबून बंद केली, तर आत
दवाखान्याच्या प्रतीक्षागृहासारखं वाटलं.
सीट मात्र गरम होत्या. खोटं कशाला बोलू,
पाठीला बरं वाटलं. घरी येऊन दोन दिवस
त्या सीटांचाच विचार करत होते.

तिसरी जपानी, बुटकी, तीन सिलिंडरची,
रंग असा लाल की चर्चसमोर लावायची लाज वाटावी.
मासळीबाजाराच्या वळणावर
तिसऱ्याऐवजी पाचवा पडला माझ्याकडून.
ती खोकली, थरथरली, चारचौघांत मला बोलली.
माझ्या हाताला घाम फुटला.
पहिल्या दोघींनी मला चूक करूच दिली नव्हती.

"हीच," मी म्हटलं.
हिल्लेवीने जुनीची किंमत विचारून आणली:
भंगाराच्या दराने, वजनावर.
बाळाचं वजन मी हजारो वेळा लिहिलंय,
हे वाचायला मात्र चष्मा सापडेना.

तिला पोचवायला मीच घेऊन गेले,
रंतालाने एका फेरीपुरती नजर फिरवली होती.
शेवटचा सरळ रस्ता, दोन्हीकडे भूर्ज, कुणी नव्हतं.
एक, दोन...
काय गेली!

भंगारवाल्याच्या फाटकात पोचल्यावर
तो पोरगा हात पुढे करून उभा, किल्ली मागत.
किल्ली तिची दोन सीटांच्या मधे, गियरच्या मागे.
मी काच खाली केली. म्हटलं, थांब.
धावून आलेल्याला लगेच पाणी देऊ नये,
जोरात आलेला टर्बो लगेच बंद करू नये,
आत तेल फिरू द्यावं मिनिटभर.

"पण मावशी," तो म्हणाला, "आता काय फरक..."
आणि माझ्याकडे बघून गप्प झाला.
मग त्यानेही मनगट वळवलं,
आणि घड्याळात पाहू लागला.