चौथी बाटली

मी नुसता ड्रायव्हर.
पांढरकवड्याहून जीप काढायची,
पाचपोर मॅडमना पोडावर सोडायचं
आणि मोहाखाली सीट मागं टाकून झोपायचं,
असं ठरलं होतं.
झोप लागेना.
गप्प बसलेली माणसं
इतकी मोठ्यानं ऐकू येतात, माहीत नव्हतं.

मॅडम उभ्यानंच बोलल्या, पंधरा मिनिटं.
फ्लोराइड. दात. हाडं. लिटरमागे किती.
हापशीला लाल रंग आधीच कोणी फासून गेलेलं,
त्याच लाल दांड्यावर हात ठेवून
बाया ऐकत होत्या, कडेवर गुंड.

"झालं?" जंगूबाई टेकाम म्हणाली.
"आता माह्यं आयका.
इथं विहीर होती. एक सायब आला,
असाच, गळ्यात फोटोवालं कार्ड.
म्हणे विहिरीत जंतू हायेत, बोअरचं प्या.
आमी विहिरीत काट्या टाकल्या.
वीस वर्सं हापसलं.
आता तुमी म्हनता हे बी नाई.
उद्या कोन येनार हाय?"

मी सीट सरळ केली.

मॅडमनी वही मिटली, मातीत बसल्या.
"तो साहेब खोटं बोलला नव्हता, आजी.
जंतू होतेच. पण खालच्या दगडात काय आहे
ते आम्ही बघायला हवं होतं.
नाही बघितलं. चुकलं आमचं."

अठरा वर्षं सायबलोक वाहतोय मी.
हे वाक्य माझ्या जीपमधून
कधी उतरलं नव्हतं.

म्हातारीनं हापशीचा पेला भरला. "घ्या मंग."
मॅडमनी रिकामा करून परत दिला.
"काऊन पेल्या? इख हाय ना?"
"एका पेल्यानं काही होत नाही, रोजच्यानं होतं.
या लेतूच्या वयात तर जास्तच."
"उकळून पेलं तं?"
"उकळून जात नाही. दूध आटतं ना, तसं उलट दाट होतं."
"अन् माह्ये गुडघे? पानी सोडलं तं सुदरतीन?"
इथं मॅडम थांबल्या.
एक कोंबडी मधून गेली.
"माहीत नाही, आजी. खोटं सांगू का?"
"नोको."

पुढच्या खेपेला जंगूबाईनं तीन बाटल्या मांडल्या,
गळ्याला चिंध्या बांधलेल्या.
पांढरी, काट्या उपसून काढलेल्या विहिरीची.
हिरवी हापशीची.
काळी लेकीच्या सासरची, तिकडं दहा कोसांवर.
मॅडमनी थेंब टाकले.
पांढरीचं पाणी लालच राहिलं,
हिरवीचं पिवळं पडलं,
काळीचंही पडलं, अगदी तितकंच.
मॅडम अवघडल्या. "दोन्ही एकच पाणी वाटतंय.
माझं काही चुकलं असेल. थांबा, परत करते."
परत केलं. तेच.

तेव्हा म्हातारीनं तोंडाला पदर लावला
आणि सगळे एकदम फिसकले.
काळीतही हापशीचंच होतं.
"तपासनारीले तपासलं, बाई. राग नोका धरू."
मॅडमना हसून हसून ठसका लागला.
"अहो, आम्हीही हेच करतो! लॅबमध्ये
एकमेकांना अशाच बाटल्या देतो."
"मंग तं तुमी आमच्यावानीच निंगाल्या,"
जंगूबाई म्हणाली, आणि त्या दिवशी
पहिल्यांदा आम्हाला चहा मिळाला. काळा, गुळाचा.

सगळं झालं असं नाही.
भीमराव कुमरे अजून हापशीवरच जातो,
म्हणतो चव लागली जिभेला.
विहिरीचा गाळ निम्माच निघालाय,
आणि तिच्यात टाकायच्या पावडरीच्या वासावरून
भांडण आहे. ते भांडण
मॅडम आल्या की त्यांच्यासमोर होतं,
त्यांना वगळून नाही.

माझं सांगायचं राहिलं.
मी हसतो तो तोंडावर हात ठेवून,
शाळेपासूनची सवय. दातांवर तपकिरी पट्टे आहेत.
मॅडमनी ते पहिल्याच दिवशी पाहिले असणार,
विचारलं कधीच नाही.
परवा निघताना त्यांनी पेटी उघडून मोजलं.
तीन हव्या होत्या, चार निघाल्या.
"ही कुणाची?"
"आमच्या घरची," म्हणालो. "पोरगी पाच वर्षांची आहे."
आणि घाट आला होता म्हणून
तोंडावरचा हात काढून
गिअरवर ठेवला.