मागचा आवाज

निपाणीच्या स्टँडसमोर, चहाच्या गाड्यामागं
माझं सहा बाय आठचं दुकान.
पाटी कन्नडात मोठी, मराठीत बारीक.
आत फोन मात्र सगळ्यांचे एकाच रोगानं मरतात,
बॅटरी फुगून.
एक नोव्हेंबरला दोन्हीकडचे व्हिडिओ
माझ्याच प्लगवर शेजारी शेजारी चार्ज होतात.

लोकांना वाटतं, मी नुसती काच बदलतो.
काच बदलताना दिसतंच काही.
बघत नाही, असं म्हणत नाही मी.
बघून विसरतो,
एवढंच धंद्याचं इमान.

बोरगावचे पायगोंडा आण्णा आले,
भावकीच्या ग्रुपातनं काढलेलं त्यांना.
म्हटलं, काढणाऱ्याचं नाव येतं की तिथंच.
"नाव म्हाईत हाय रं.
माझ्यामागनं कोण निघालं का, तेवढं बघ."
मी वर-खाली करून बघितलं.
कोण निघालं नव्हतं.
आण्णांनी पिशवीतनं दोन वांगी काढून काउंटरवर ठेवली
आणि पैसे द्यायचे विसरले.

दस्तगीर केळीवाल्याला पाहिजे होतं
आपण कधी आलो-गेलो ते लपवायला,
आणि एकीचं मात्र दिसायला.
म्हटलं, तसं नाही होत दस्तगीरभाई,
आपलं झाकलं की समोरचंही झाकतं.
तो तराजू धरल्यासारखा उभा राहिला थोडा वेळ.
"मग राहू दे उघडंच."

चिकोडीच्या कॉलेजातली एक पोरगी.
स्टेटस ठेवलेला, एकोणचाळीस जणांनी बघितला,
चाळिसावा बघत नव्हता.
"फोन बिघडलाय का?"
मी मागचं झाकण खोलून, फुंकर मारून बघितली.
फोनला काही झालेलं नव्हतं.
म्हटलं, नेटवर्क असंल.
हसली. तिलाही ठाऊक होतं.

बायाक्काचा अंगठा फोन ओळखत नाही.
तीस वर्षं विड्या वळून
रेघाच गेल्यात घासून.
तिला मी चार आकडे शिकवले,
ते तिनं तंबाखूच्या पुडीवर लिहून ठेवलेत, सगळ्यांना दिसतील असे.
फोन भरलेला. गच्च.
लेक गोकाकला दिलेली,
तिचे आवाज, दोन दोन सेकंदांचे, हजारावर.
आधी "आई, जेवलीस?"
मग हळूहळू, कधी ते कळलंही नाही, "यव्वा, ऊट आतेनू?"
म्हटलं, जुनं पुसू या की, सगळं एकच तर हाय.

"एकच?" ती म्हणाली,
"ती काय बोलती ते नगं ऐकूस.
तिच्या मागचं ऐक."

कानाला लावलं मी.
शिट्टी. भांड्यांचा ढीग कोसळलेला.
कुणीतरी म्हातारा खोकतोय.
पुढच्यात बाळ रडतंय, पुढच्यात तेच बाळ हसतंय,
कन्नडात कुणीतरी कुणालातरी रागं भरतंय, पण प्रेमानं.
मग एक असा,
की ज्याच्यामागं काहीच नाही.
दार नाही, नळ नाही, माणूस नाही.
"ऊट आतेनू?" आणि नुसती पोकळी.

"ह्या दिवशी पहिल्या गाडीनं गेले मी."
काय झालं होतं?
"काय न्हाई. एकटीच बसलेली. लसूण सोलत.
मीबी बसले सोलत."
पुढं बोलली नाही. मी विचारलंही नाही.
बत्तीस जीबीचं कार्ड घातलं,
पैसे निम्मेच घेतले. तिनं निम्म्यातलेही दहा कमी दिले.

रात्री शटर अर्धं ओढलं.
सुबराव, माझा भाऊ, बेंगळुरात.
दोन वर्षं झाली, वाटणीवरनं.
माईकवर बोट ठेवलं
आणि शब्दच येईनात.
बोट तसंच राहिलं.
बाहेर कंडक्टर ओरडत होता,
संकेश्वर, हत्तरगी, बेळगाव, बेळगाव,
गाड्यावर कोणतरी चहा ओतत होतं वरनं खाली.
सात सेकंद.
बोट उचललं, गेलं.

पुसावं म्हणून परत बोट नेलं,
तेवढ्यात शटरखालनं वाकून एक जण आत आला,
हातात फोन, पाणी गळणारा.
"हौदात पडलाय हो," म्हणाला,
"ह्यातलं एकच काढून द्या, बाकीचं गेलं तरी चालंल."